घर पोखरणारी काकू

बालवर्गाच्या नव्या बाईंची नोकरी कायम होणार की नाही, हे आजच्या धड्यावर ठरणार होतं. मुख्याध्यापिका मागच्या बाकावर अंग चोरून बसल्या होत्या.

"उंदीर जमीन पोखरतो, सुतारपक्षी खोड पोखरतो. जगायला आजूबाजूचं थोडं बदलावंच लागतं. आणखी कोण पोखरतं?"

त्याच वर्गात बसलेल्या बाईंच्या पुतणीचा हात वर गेला.

"तूच की, काकू! आजी म्हणते, आल्या आल्या घर पोखरलंस!"

"काय पोखरलंत?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"स्वयंपाकघराची भिंत फोडून खिडकी केली," बाई पुटपुटल्या. "फार कोंदट होतं."

"मग आजी रागावल्या?"

"खूप!" पुतणी म्हणाली. "पण आता खिडकीतून उठतच नाही."

मुख्याध्यापिका खुदकन हसल्या. "कायम झालात समजा, बाई. आता या वर्गाच्या भिंतीचंही बघा."