वेंगुर्ल्याच्या होडीतलं वजन

भुतंखेतं मी मानत नाही. तीस वर्षं गलबतावर खलाशी होतो. बरोबरीच्यांना पाण्यावर दिवे दिसायचे, हाका ऐकू यायच्या... मी म्हणायचो, पोटभर जेवा, दिसायचं बंद होईल. शाळा चौथी नापास. तेव्हा सजवून लिहिता येत नाही, घडलं तेवढं लिहितो.

आमचं गाव मालवणजवळ. माझी घरकारीण, बायको, भादव्यात तापाने गेली. तिची एकच मागणी होती — आगबोटीने फिरायचं. काम नाही, कार्य नाही, नुसतं बघत जायचं. गोवा मोकळा झाल्यापासून तर पणजीचा ध्यासच घेतला होता. मी म्हणायचो, "समुद्र काय बघतलंस? दारात आसा." शेवटच्या आजारातही तिने विचारलं, तेव्हा म्हणालो, बरी हो, मगे बघू. हेच मी वीस वर्षं म्हणत होतो.

ती गेल्यावर घरात बसवेना. माघात एकटाच निघालो. मालवणास आगबोटीत चढलो.

डेकवर ऊन कोवळं होतं. पाणी असं की तेल ओतलंय. गादे, म्हणजे डॉल्फिन, पाठी काढून उड्या मारत होते, मुंबईची पाव्हणी मंडळी टाळ्या पिटत होती. निवतीचा दीपस्तंभ मागे गेला, खडकांवरून पाकोळ्या उठल्या. मला गुंगी आल्यासारखं झालं... आणि ध्यानात आलं, मी तोंडाने बोलतोय. हा खडक अमका, इथे आमचं गलबत घासलं होतं, ती पाखरं कपारीत घरटी करतात. शेजारी कोणी नव्हतं. हे सगळं मला जन्मभर ठाऊक होतं, आणि तिला एकदा सांगितलं नाही.

पणजी बघितली. ख्रिस्तावांची पांढरी देवळं, फुलं विकणाऱ्या बायका, संध्याकाळी मांडवीच्या काठी कोणी बाजा वाजवत होतं. परतताना वेंगुर्ल्यास उतरलो. तिथला बाजार तिला बघायचा होता.

आगबोट तिथे धक्क्याला लागत नाही. खोल पाण्यात उभी राहते, मग होडीने किनाऱ्यावर. होडी छोटी. आम्ही चार उतारू, चारही पुरुष, दोन उजवीकडे, दोन डावीकडे; मी उजवीकडे. मध्ये कांद्याची गोणी. होडी चालवणारा तांडेल अनोळखी, पन्नाशीचा; हाताखाली एक खलाशी. माणसं वजन बघून बसवणं हे त्याचं काम.

मला म्हणाला, "काका, बाईक आत घेवा. कडेक भिजतली."

मी म्हटलं, माझ्यावांगडा कोण नाय.

त्याने माझ्याकडे बघितलं, शेजारच्या रिकाम्या फळीकडे बघितलं. "झगडो काय तो घराकडे जावन करा. होडयेत नको."

बाकीचे हसले. त्याने खलाशाकडून गोणी उचलून डाव्या कडेला टाकवली. मी म्हटलं, मेल्या, आता डावीकडे कलंडतोस. दीड मणाची गोणी ती! पण होडी कलली नाही... मी दोन्ही कडांना वाकून बघितलं. पाण्यापासून इकडे वीत, तिकडे वीत. एवढं आयुष्य होड्यांत गेलं, वजन मला कळतं. माझ्या बाजूला एक पुरं माणूस बसलं होतं.

भ्यालो नाही. झोपेत असल्यासारखं वाटत होतं. मान वळवून शेजारी बघितलं मात्र नाही. बघितलं आणि कोणी नसलं तर?

किनाऱ्याला लागलो. तांडेल म्हणाला, "आधी बाईक उतरवा. हात दिया."

चारचौघांत बायकोला हात द्यायची आमच्यात रीत नाही. मी कधीच दिला नव्हता. गुडघाभर पाण्यात उतरलो आणि मागे न बघता हात पुढे केला. हातात काही आलं नाही. ऊब नाही, भार नाही. पण होडीची उजवी कड एकदम वर आली, डावी गोणीसकट खाली बसली, पाणी आत. तांडेल खलाशावर ओरडला, गोणी थंय कोणी ठेवल्यान म्हणून. स्वतःच सांगितलं होतं, तेही विसरला.

नंतर मी त्याला गाठून विचारलं, बाई दिसाक कशी होती?

"दुसऱ्याच्या बायलेचा तोंड मी कित्याक बघू? होडी खंय कलता, तितकाच माका बघूक लागता."

पुढे पुष्कळांना सांगितलं. कोणी म्हणतं प्रवाह असेल, कोणी म्हणतं म्हाताऱ्याचं मन. प्रवाह मला शिकवू नका. पण मग काय होतं म्हणाल, तर ते मलाही सांगता येत नाही.

जन्मभर मी बायकोच्या दहा पावलं पुढे चाललो. त्या दिवशी वेंगुर्ल्याचा बाजार हळूहळू चालत बघितला... एका अंगाची जागा सोडून.