उद्या बदललं तर?

आमचा टीम लीड आणि मी भुकूमहून हिंजवडीला एकाच कॅबने जातो. त्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये इतक्या वर्षांत भिंतीत एक खिळा नाही. घड्याळसुद्धा जमिनीवर टेकवून ठेवलेलं. घरमालक वैतागून म्हणाले, "आवो, ठोका की खिळा! भिंत माझी हाय, मीच सांगतोय." हा म्हणतो, "उद्या घर बदललं तर?"

कोडमध्येही तेच. डेटाबेसला थेट काही विचारायचं नाही, सगळं मध्ये घातलेल्या कोडच्या एका थरातून. का, तर उद्या डेटाबेस बदलला तर बाकीचा कोड बदलायला नको. अरे, पण बदलतोय कोण? त्या थरापायी एका रक्तपेढीची साठा दाखवणारी स्क्रीन नुसती गोल गोल फिरत राहायची. मी डेटाबेसला थेट विचारणारी क्वेरी लिहिली, स्क्रीन चटकन उघडली. त्याने ती मला काढून टाकायला लावली.

परवा कॅब भूगावच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली असताना त्याला रक्तपेढीतून फोन आला. स्क्रीन उघडत नव्हती आणि रक्त न्यायला आलेला एका पेशंटचा भाऊ तिथे काउंटरवर उभा होता. याने लॅपटॉप काढला, एक फाइल उघडली आणि तिच्यातली क्वेरी थेट डेटाबेसवर चालवली. मी शेजारून बघत होतो. माझीच क्वेरी! एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

"ओ निगेटिव्ह शिल्लक आहे, द्या त्यांना," त्याने फोनवर सांगितलं.

"सर, मग आता टाकू ना ती कोडमध्ये?"

"छे! उद्या डेटाबेस बदलला तर?"

त्या क्षणी मला हातोडी घेऊन आधी त्याच्या घरी जावंसं वाटलं.