धोंडाबाईंनी एरंडेल घेतलं तेव्हा

सायखेड्यात धोंडाबाईंचा मळा आमच्या मळ्याला लागूनच. बाईंचं तोंड फटकळ, आणि एकदा मनावर घेतलं की त्या कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत. हे मी कौतुकानं सांगतेय आणि वैतागूनही.

त्यांच्या सुनेला, तेजस्विनीला, रक्ताचा कर्करोग झाला. नाशिकच्या दवाखान्यात तिच्या भावाच्या, ओमच्या, मूलपेशी तिला दिल्या. रक्त सुधारलं, पण त्याच पेशी तिच्या आतड्यावर उलटल्या. जुलाब थांबेनात, पोरीची नुसती हाडं राहिली. औषधं थकली तेव्हा डॉक्टर म्हणाले, अँटिबायोटिकनी हिच्या पोटातले चांगले जंतूही मेलेत. निरोगी माणसाच्या विष्ठेतून ते घेऊन हिच्या आतड्यात सोडून पाहू, पण खात्री देत नाही.

हे ऐकल्यावर भेटायला आलेल्या पाहुण्यांना एकदम चहाची तलफ आली. ओम तयार होता, पण त्यानं नुकतंच घशासाठी अँटिबायोटिक घेतलेलं, म्हणून तो बाद. तिचा नवरा रविराज टायफॉईडमधून जेमतेम उठलेला. धोंडाबाई म्हणाल्या, मग माझी तपासा. तपासण्यांत बाई अगदी ठणठणीत निघाल्या.

आता तेजस्विनीच अडून बसली. सासूची घाण पोटात घेण्यापेक्षा मेलेलं बरं, असं म्हणून ती भिंतीकडे तोंड करून रडायला लागली.

धोंडाबाई तिच्या उशाशी बसल्या. "तुझ्या पोराचं हागमूत मी काढलं, तुझ्या आजेसासऱ्याचंबी काढलं. तवा कोणाला किळस आली नाय. लाजून मरायला मी तुला हितं आणलं नाय, तेजू. तू हे घेणार हाय."

तेजस्विनीनं संमतीच्या कागदावर सही केली.

आणि मग बाईंनीच घोळ घातला. पूजेला बसायचं तर आधी अंघोळ, हा त्यांचा हिशेब. सुनेला द्यायचं ते स्वच्छ हवं म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांनी एरंडेल पिऊन पोट साफ केलं. सकाळी द्यायला नुसतं पाणी. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. पोट पूर्ववत होईपर्यंत थांबा म्हणाले, आणि इकडे पोरगी रोज खचत होती. मला बाईंचा असा संताप आला की विचारू नका. त्या मात्र रडत बसल्या नाहीत. दवाखान्याच्या पायरीवर बसून भाकरी आणि मुगाची उसळ खात राहिल्या, पोट लवकर ताळ्यावर यावं म्हणून. कोणी समजूत घालायला आलं की हातानंच लांब करायच्या.

शेवटी जमलं. नळीतून ते औषध आतड्यात सोडलं, काही दिवसांनी पुन्हा एकदा. जुलाब हळूहळू कमी झाले. पण तेजस्विनी खायला धजेना. खाल्लं की धावावं लागतं, ही धास्ती तिच्या मनात घर करून बसली होती.

एका दुपारी धोंडाबाई खोलीच्या दाराबाहेर जेवत होत्या. मी शेजारीच होते. आतून तेजस्विनीचा आवाज आला, "आत्याबाई, मलाबी भूक लागलीय."

डॉक्टरांना विचारून मऊ खिचडी आणली. ती थोडी खाऊन तेजस्विनी आडवी झाली. आम्ही दोघी संडासाच्या दाराकडे बघत बसलो. ती कुशीवर वळली आणि तिला गाढ झोप लागली. संध्याकाळी जागी झाली, तरी खिचडी पोटातच होती. तेव्हा धोंडाबाई रडल्या, आणि मी त्यांना रडू दिलं.