सालोमी टीचर आणि हिरवा घड

निर्मळच्या बालवाडीत सालोमी टीचरला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. गाणं म्हण, गोष्ट सांग, कुणाचं नाक पूस. बाईच्या पायाला भिंगरी. यंदा टॅब आले आणि तिच्या वाट्याला खुर्ची आली. हेडबाई अँजेलिनांनी बजावलं होतं की मध्ये लुडबूड करायची नाही, मुलांचं मुलांना शिकू द्यायचं, आपण नुसता रिपोर्ट बघायचा. आता जिला घरी पंख्याखालीही स्वस्थ बसवत नाही, तिने खुर्चीत बसून करायचं काय? ती चष्म्याची काडी चावायची. वर्ग इतका गप्प असायचा की तिचा जीव कासावीस व्हायचा.

त्यात एरॉलचं प्रकरण. हा केळीच्या बागवाल्या क्लेमेंटचा मुलगा. फळांच्या खेळात आठवडाभर तो एकाच पायरीवर अडकला होता, रोज लाल फुली. पोर मंद आहे, पुन्हा छोट्या गटात बसवू, असं हेडबाईंनी ठरवून टाकलं आणि एके दिवशी शाळा सुटताना क्लेमेंटला भेटायला बोलावलं. सालोमीला ते पटेना, पण बोलणार कुठल्या तोंडाने? रिपोर्ट तिनेच दिला होता.

त्या दिवशी सकाळपासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. शेवटी हेडबाईंचं बोलणं खुंटीला टांगून ती एरॉलशेजारी सतरंजीवर बसली. पडद्यावर केळीचे दोन घड होते, एक हिरवा, एक पिवळा. कापायला तयार कुठला, असं टॅब विचारत होता. एरॉलने हिरव्यावर बोट ठेवलं. फुली आली.

"पिवळा का दाबत नाहीस रे?" तिने विचारलं.

"पिवळा होईपर्यंत ठेवला तर पाखरं खातात. डॅडी हिरवाच कापतात." मग तो हळूच म्हणाला, "टॅबला पिवळा पाहिजे, मला माहीत आहे. पण ते खोटं आहे ना, टीचर?"

सालोमीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती स्वतः केळीच्या बागेत वाढलेली.

टॅब घेऊन ती तडक हेडबाईंकडे गेली. "पोर अडकलेलं नाही, टॅब अडकलाय," ती म्हणाली. "आणि चुकले मी. शेजारी बसले नाही."

हेडबाईंनी पडद्याकडे पाहिलं, आणि गट बदलायचं रद्द केलं; क्लेमेंट आला की नुसता भेटून जाईल, म्हणाल्या. एरॉल मोठ्या गटातच राहिला. सालोमीच्या जिवाला मात्र चैन पडेना. वर्गात परतली तर सगळी डोकी टॅबवर वाकलेली, गप्प. यातलं आणखी कोण कशापाशी अडून बसलं असेल?

तिने खुर्ची दाराबाहेर ठेवली आणि पुढच्या मुलाशेजारी जाऊन बसली.