सायकलवरचं ॲसिड

नोकरीतली बरीच प्रकरणं आता विसरलो. सक्करदऱ्याचं ते प्रकरण मात्र आजही जसंच्या तसं आठवतं. नावं सांगत नाही. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी फौजदार म्हणून त्या भागात नवा होतो.

सकाळची हजेरी चालू असतानाच इस्पितळातून फोन आला. बालवाडीत शिकवणारी एक बाई ॲसिडनं भाजून दाखल झाली होती. नवरा म्हणत होता, मोरी धुताना बाटली फुटली. डॉक्टरांना ते पटलं नव्हतं. "हातातली बाटली फुटली, तर पाठ कशी भाजेल?"

नवरा कारखान्यात फिटर. त्याला ठाण्यात आणलं, तोवर बाईचा भाऊ पंधरा-वीस माणसं घेऊन फाटकाशी उभा होता. "यानंच जाळलं माह्या बहिणीले! आमच्या हवाली करा त्याले!" शेजाऱ्यांनीही आदल्या दिवशी नवरा-बायकोचं भांडण ऐकलं होतं.

फिटर बाकावर अंग चोरून बसला होता. त्याचे तळहात भाजलेले.

"काहून खोटं बोलतो गा?" मी विचारलं.

"बाटलीच फुटली साहेब."

"मग काचा कुठं आहेत?"

बाहेरचा आरडाओरडा वाढला तसा तो भिंतीला चिकटत गेला. मी दरडावलं, एक थप्पडही मारली. तोंड उघडेना. माझी खात्री पटली. त्याला लॉकअपमध्ये टाकलं आणि खुनाच्या प्रयत्नाचं कलम लावायचं ठरवलं.

दुपारी पंचनाम्याला गेलो. मोरी कोरडी होती. अंगणातली माती मात्र एका ठिकाणी पांढुरकी पडली होती. भिंतीला एक लेडीज सायकल टेकवलेली, तिच्या कॅरिअरचा रंग पार उडालेला. सोबतच्या जमादारानं मागचं चाक फिरवून पाहिलं.

"साहेब, चेन तं एकाच बाजूले असते. इथं दोन्हीकडून चेनचे दाते बसवले हायेत."

सरपणाखाली पोत्यात गुंडाळलेली फुटकी बॅटरी सापडली. सोबत जीपचा डायनॅमो, त्यावर कारखान्याचा नंबर रंगवलेला.

मी तसाच इस्पितळात गेलो. वाटेत एकच धास्ती होती, बाई बोलण्याआधीच गेली तर? ती पालथी पडून होती. नवऱ्यावर कोणता गुन्हा लागतोय, ते मी तिला सांगितलं. तिला धाप लागली.

"त्यायनं नाही केलं साहेब! मले दमा हाये, पायडल मारवत नाही. म्हणून त्यायनं सायकल बॅटरीवर केली, डायनॅमोच मोटरसारखा फिरवून. सकाळी बसाले गेली, तं मागच्या वजनानं सायकल माह्या पाठीवरच पडली अन् बॅटरी फुटली. त्यायनं उघड्या हातानं बॅटरी उचलली."

"मग लपवलं काहून?"

"डायनॅमो कारखान्याच्या भंगारातून न विचारता आणला होता. परत नेऊन ठेवा म्हणून काल मी भांडली. आज मीच म्हटलं, कोणाले सांगू नका, नोकरी जाईन."

त्याच संध्याकाळी तो सुटला. बाई काही महिन्यांनी हिंडू-फिरू लागली. पण डायनॅमो पंचनाम्यात आला होता, तो खोडता येत नव्हता. कारखान्यानं फिटरला काढून टाकलं. त्याची भीती खोटी नव्हती.

मी ती भीती गुन्ह्याचा पुरावा समजलो होतो. घाबरलेला माणूस काहीतरी लपवत असतो, हे खरं. पण आपण शोधतो तेच लपवत असेल असं नाही. त्यानंतर समोर कोणी असा गप्प बसला, की हात उचलण्याआधी मी विचारायचो, "तुले भेव कशाचं वाटते?" पुष्कळदा खरं उत्तर मिळालं. त्या फिटरला मात्र मी हे विचारलं नव्हतं.