मालगाडीखाली
तापलेल्या लोखंडाचा वास आला की सोलापूरजवळचं ते छोटं स्टेशन आठवतं. मी आणि माझी मैत्रीण, दोघी शिक्षिका, रोज तिथून पॅसेंजरनं घरी परतायचो. त्या दिवशी वाटेत मालगाडी उभी होती. तिच्याखालून मी पलीकडे आले, मागोमाग मैत्रीण वाकून शिरली आणि गाडी हलली. "आडवी पड बाई, मान उचलू नगंस!" फलाटावरची भाजीवाली ओरडली. मैत्रीण रुळांच्या मध्ये पालथी पडली. तिच्यावरून एकेक डबा खडखडत जात राहिला. शेवटचा डबा गेल्यावर ती खडीतून उठली, पदर झटकला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आपली गाडी आली का गं?" आता निवृत्तीनंतरही आम्ही रोज फोनवर बोलतो, पण त्या संध्याकाळचा विषय दोघींनीही कधी काढलेला नाही.