लालबर्रा जाऊन-येऊन, पायी

बालाघाट जिल्ह्यात आमच्या काकाजींइतका उभा राहिलेला माणूस दुसरा नसेल. नात्याने ते माझे कोणी लागत नाहीत. बालाघाट ते लालबर्रा अशा एका खाजगी गाडीवर ते तीस वर्षं कंडक्टर होते आणि त्या रस्त्यावरचे सगळेच त्यांना काकाजी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. या तीस वर्षांत ते गाडीत एकदाही बसले नाहीत. रिकामी सीट दिसली की त्यांना ती स्वतःची चूक वाटायची. काम सोडून चार वर्षं झाली, तरी ते चहा दाराची चौकट धरून, पाय थोडे फाकवून पितात आणि बोलता बोलता मधेच किंचित झुकतात, जणू घर एखाद्या वळणावरून चाललं आहे.

त्यांच्या लेखी सगळं जग म्हणजे भरलेली गाडी. लग्नाच्या पंगतीत त्यांना काम सांगावं लागत नाही. "सरका, सरका, मधात जागा खाली हाये," असं म्हणत ते वीस माणसांच्या ओळीत सव्वीस बसवतात. एकदा एका मयतीला दारात फार माणसं दाटली, तेव्हाही त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मागच्याईनं पुढं या, दारात गर्दी नोका करू." लोक रडता रडता सरकले. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, स्टॉप राहतात. आमच्या घरात मी पहिला पदवीधर. आज बालाघाटच्या एका शाळेत शिकवतो, मुलं मला सर म्हणतात. पण मी नहराजवळच्या, म्हणजे कालव्याजवळच्या, स्टॉपवरून चढायचो, त्यामुळे भर बाजारात काकाजींची हाक येते, "काय नहर, बरा हायेस ना?"

माझ्या या पदवीत त्यांचा वाटा आहे आणि तो मी सांगितलाच पाहिजे. मी शहरात खोली करून शिकत होतो तेव्हा आई रोज सकाळी स्टॉपवर माझा डबा घेऊन उभी राहायची. त्या रस्त्यावरच्या कितीतरी आया अशा उभ्या राहायच्या. आईला उशीर झाला तर काकाजी गाडी थांबवून ठेवत. एकदा एक जण फारच चिडला, "कोर्टात तारीख हाये माही!" काकाजी म्हणाले, "तारीख पुढची भेटन. पोट्ट्याचं आजचं जेवण उद्या नाई भेटत." तीन वर्षांत माझा डबा चुकला नाही. एक दिवस फक्त बदलला. मी कोणाच्या तरी घरचं वांग्याचं भरीत खाल्लं आणि माझी डाळ दुसऱ्या कोणी खाल्ली. मी तक्रार केली तर म्हणाले, "पोट भरलं ना? मंग झालं."

मागच्या वर्षी काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या दिवसांत काकाजी दवाखान्याबाहेरच्या शेडमध्ये थांबत. बाहेरगावच्या रोग्यांचे नातेवाईक तिथंच असतात. एक लहानशी संस्था त्यांना सकाळचं जेवण देते. संध्याकाळचंही देत असे, पण धान्य पुरेना म्हणून ते बंद झालं होतं. तिथं उकवा गावाकडचा एक माणूस बायकोपुढे भाताचा एकुलता डबा सरकवून म्हणत होता, "तू खा ले, मेरे को भूख नहीं है."

 काकाजी दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तीस वर्षं लोकाईचं खोटं आयकलं मी. पोट्ट्याले मिशी फुटलेली अन् बाप सांगते, पाच वर्षाचा हाये, हाफ टिकट द्या. पण असं खोटं नोतं आयकलं."

शहरातल्या काही डॉक्टरांनी आणि व्यापाऱ्यांनी त्या हिवाळ्यात मॅरेथॉन ठरवली होती. लालबर्रा रस्त्याने जायचं आणि परत यायचं, बेचाळीस किलोमीटर. धावणाऱ्याने ओळखीच्यांकडून पैसे जमवायचे आणि ते त्या संस्थेच्या संध्याकाळच्या जेवणाला द्यायचे. काकाजींनी नाव नोंदवलं. वय बासष्ट.

काकू डोळ्याला हिरवी पट्टी लावून पलंगावर होत्या. त्या म्हणाल्या, "कोपऱ्यावरून दही आणा म्हणलं तं याईचे गुडघे दुखते. अन् आता लालबर्रा जाऊन राह्यले, तेही पयत!"

"माह्या रोजचाच रस्ता हाये," काकाजी म्हणाले.

"काकाजी, तेव्हा तुम्ही गाडीनं जात होता," मी म्हणालो.

"गाडीत मी कधी बसलो का? उभ्यानंच गेलतो ना?"



पैसे मागणं मात्र त्यांना जमेना. तीस वर्षं त्यांनी टिकट फाडल्याशिवाय कोणाकडून रुपया घेतला नव्हता. हातात टिकटाचं मशीन आल्यावर जुन्या टिकटांचे गठ्ठे त्यांनी पत्र्याच्या पेटीत ठेवले होते, ते त्यांनी बाहेर काढले. एका स्टॉपपासून पुढच्या स्टॉपपर्यंतचा रस्ता, जाऊन-येऊन, एका टिकटाचा. ज्यानं टिकट घेतलं, त्याच्या नावानं काकाजी तेवढा रस्ता धावणार, आणि नाही धावले तर तेवढे पैसे परत. ही अट त्यांनी स्वतःच घातली होती. पंधरा दिवस ते झोळी अडकवून गावोगाव फिरले. प्रत्येकाला आपल्याच गावचा रस्ता हवा होता.

"तुम्ही धावान, मंग आमाले काय भेटन?" राइस मिलच्या एका हमालानं विचारलं.

"तू घरी बसल्या पोचशील."

एका म्हातारीनं दोन टिकटं घेतली आणि बजावलं, "माह्या घरासमोरून पयताना हळू पय बाप्पा. धूळ येते."

धावण्याच्या दिवशी सगळे रंगीत बूट घालून आले होते. काकाजींच्या पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, खांद्याला कंडक्टरची चामड्याची बॅग, आणि छातीवर लावायचा नंबर त्या बॅगेवर टाचलेला. मी मोटरसायकलवर पाणी घेऊन मागे होतो. मला वाटत होतं, दोन-चार किलोमीटरनंतर समजूत घालून घरी आणू. पण जाताना काकाजी खरोखर चांगले धावले. अडचण एकच होती. ते प्रत्येक स्टॉपवर थांबत. हात वर करून वाट पाहणारा माणूस दिसला की त्यांचे पाय पुढे जाईनात. टिकट घेणारे उभे असत, काकाजी बॅगेतल्या गठ्ठ्यात उरलेल्या त्यांच्या टिकटाच्या अर्ध्यावर पेनानं खूण करत, तब्येत विचारत, आणि मग दातांतून शिटी वाजवून स्वतःच निघत.

परतीला गुडघा सुजला. सहा स्टॉप राहिले होते. मागे पडलेल्यांना उचलणारी आयोजकांची गाडी आली. गाडीतला तरुण नम्रपणे म्हणाला, "अंकल, टाइम हो गया. बैठ जाइए."

"टिकट पायाचं फाडलं हाये," काकाजी म्हणाले. ते मैलाच्या दगडाला टेकले होते आणि चेहरा पांढरा पडला होता. गाडी निघून गेली. मी म्हणालो, "काकाजी, लोक पैसे परत मागणार नाहीत हो."

"ते मागणार नाई, म्हणून तं मले द्या लागन."

मी हिशेब केला नाही, पण सहा गावांचे पैसे गेले तर संध्याकाळची चूल पेटणार नाही, एवढं आम्हां दोघांनाही माहीत होतं. तेवढ्यात मिलचा तो हमाल चौघांना घेऊन आला. हा रस्ता त्याचा होता.

"काकाजी, चढावर तुमची गाडी बंद पडे तवा आमाले उतरवून धक्का माराले लावत होते. वरतून टिकटाचे पुरे पैसे घेत होते! उठा आता."

त्यांनी दोन्हीकडून खांदे दिले. काकाजी चार पावलं चालले आणि थांबले. "याले धावणं म्हणते का रे?"

"पाय जमिनीले लागून राह्यले ना? मंग गाडी चालू हाये."

पुढच्या स्टॉपवर त्या गावच्या माणसांनी खांदे बदलले, त्यापुढे आणखी दुसऱ्यांनी. मी पहिल्या गिअरमध्ये मागे येत होतो. कोणी त्यांना उसाचा रस पाजला, कोणी गुडघ्याला कसलासा पाला बांधला. दुपार उलटली तेव्हा वैनगंगेचा पूल आला. शेवटच्या स्टॉपवाल्यांनी त्यांना माझ्याजवळ सोडलं आणि ते परत फिरले. पुलावर कोणी राहत नाही, त्यामुळे पुलाचं टिकट कोणी घेतलं नव्हतं.

काकाजींनी बॅगेतून गठ्ठा काढून शेवटची खूण तपासली आणि म्हणाले, "नहर, मोटरसायकल आण. बसतो."

"एवढं आलात, आता थोडंच राहिलं. मॅरेथॉन पुरी नाही होणार अशानं."

"मॅरेथॉन त्याईची होती. मले लोकं पोचवाचे होते. ते पोचले."

मी त्यांना पूल पार करून आणलं. मैदानात मंडप सोडायला सुरुवात झाली होती. पूर्ण केलेल्यांच्या यादीत त्यांचं नाव आलं नाही आणि त्यांनी त्याची चौकशीही केली नाही. पैसे मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी लंगडत जाऊन संस्थेत दिले.

पंधरा दिवसांनी संध्याकाळचं जेवण सुरू झालं. मी काकाजींना रिक्षानं तिथं नेलं. वाढायला मदत करायची म्हणून ते आले होते, पण गुडघ्यानं उभं राहवेना. शेडच्या एका खांबाला टेकून ते जमिनीवर बसले. मळका शर्ट, गुडघ्याला पट्टी, दाढी वाढलेली. शेजारी एक बाई होती, तिचा नवरा आत भरती होता. तिनं काकाजींकडे दोन-तीनदा पाहिलं, मग उठून एक भरलेलं ताट आणलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

"खा लो बाबा. शरमाओ मत. यहाँ कोई कुछ नहीं पूछता."

हे कोण आहेत ते मी तिला सांगणार होतो. काकाजींनी माझं मनगट धरलं. मग त्यांनी ताट जवळ ओढलं, भात कालवला आणि मान खाली घालून सावकाश जेवू लागले. बाई समोर बसून होती, सगळं संपेपर्यंत. मधेच त्यांनी मान वर केली आणि हळूच मला म्हणाले, "वरणात मीठ कमी हाये. पण गरम हाये."